चाळीस रुपयांचा आधार

राज्यांची पुनर्रचना करताना सरकारच्या मनात पुष्कळ गोष्टी असतील, पण गोपीनाथराव पाठराबे यांच्या बहिणीचा संसार त्यांत नक्कीच नव्हता. तरी झालं असं, की जे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना जमलं नव्हतं ते सरकारने एका हुकमात करून टाकलं. कांचन आणि तिचा नवरा विश्वास यांना एका गावात आणून ठेवलं. त्याआधी कांचन नागपूरला भावाकडे राहत होती, विश्वास ग्वाल्हेरला बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होता, आणि मध्ये अंतर एवढं होतं की भांडायचं म्हटलं तरी पोस्टाची तिकिटं लागली असती. मग नवा मध्य प्रदेश झाला. नागपूरच्या सचिवालयाबरोबर वित्त विभागातले गोपीनाथराव भोपाळला आले, त्यांच्याबरोबर त्यांची बायको शशिकला, बहीण कांचन आणि कांचनची मुलगी वसुधा. ग्वाल्हेरच्या कचेऱ्यांबरोबर विश्वासही आला. सामान सोडवायला दोघं स्टेशनच्या एकाच मालधक्क्यावर उभे होते म्हणे, आणि दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

कांचन आणि विश्वास यांचं का पटलं नाही हे इथे सांगायचं नाही. एक तर ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, त्या दोघांना धरून. दोघंही शांत स्वभावाची माणसं. एवढं मात्र खरं की वेगळं राहायचं हे दोघांनी मिळून ठरवलं होतं, आणि त्यांच्या संसारातला तो एकच निर्णय एकमताने झालेला होता.

भोपाळला आल्यावर विश्वास दर रविवारी सकाळी त्या नव्या सरकारी क्वार्टर्समध्ये यायचा, ज्यांना पुढे लोक तुलसी नगर म्हणू लागले. येताना पेरू आणायचा, वसुधाला मोठ्या तळ्यावर फिरवून आणायचा, दुपारी सगळ्यांबरोबर जेवायचा. गोपीनाथरावांशी तो ज्येष्ठतेच्या यादीबद्दल बोले, शशिकलेशी भाजीच्या भावाबद्दल, आणि कांचनशी वसुधाच्या खोकल्याबद्दल. मग वहाणा घालून निघून जाई. वसुधा कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत त्याला सोडायला जायची. आठवडाभर ती पोरगी या एका सकाळीवर जगत होती हे घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणूनच कुणी ते बोलत नव्हतं.

अशाच एका रविवारी, राजधानी होऊन वर्ष झालं असेल तेव्हा, विश्वास पानावर बसलेला असताना म्हणाला की वसूसाठी आपण दरमहा काहीतरी द्यायला हवं, इतके दिवस दिलं नाही हे बरोबर झालं नाही. कांचन भात वाढत होती. ती म्हणाली, चाळीस पुरतील. विश्वास म्हणाला, बरं. आणि त्याने वरण मागितलं.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गोपीनाथरावांचा घास हातातच राहिला.

"चाळीस कशावरून?" ते म्हणाले.

हा प्रश्न विचारण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. कुठल्याही खात्याने काहीही मागितलं, पूल मागितला, शिपाई मागितला, खिडकीची काच मागितली, की फाईल गोपीनाथरावांच्या टेबलावर यायची आणि ते समासात बारीक अक्षरात लिहायचे, 'आधार काय?' मग ती फाईल परत जायची. काही पूल त्या दोन शब्दांमुळे आजही झालेले नाहीत. अशा माणसाच्या घरात, त्याच्या नाकासमोर, त्याच्या सख्ख्या बहिणीने एक आकडा नुसता उच्चारावा आणि समोरच्याने तो नुसता कबूल करावा, हे त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

कांचन म्हणाली, कशावरून म्हणजे, मला वाटलं. गोपीनाथराव म्हणाले की वाटण्यावर चार महिने चालेल. पाचव्या महिन्यात एकाला जास्त वाटेल, दुसऱ्याला कमी, आणि मग वकील येतील. शिवाय विश्वासरावांचे वडील बंधू ग्वाल्हेरला वकीलच आहेत हे विसरून चालणार नाही. त्यापेक्षा मुलाची पोटगी कशी काढतात याचा काहीतरी नियम असेलच, तो मी शोधून काढतो, म्हणजे उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. त्यात वाईट काही नव्हतं. त्यांचा जीव वसुधावर होता, त्यांना स्वतःला मूल नव्हतं, आणि उद्या पैशावरून बिनसून विश्वासने रविवारचं येणं सोडलं तर पोरीचं काय होईल ही भीती त्यांना खरोखर वाटत होती. फक्त भीती वाटली की माणसं देवाला नवस बोलतात, गोपीनाथराव नियमांचं पुस्तक काढायचे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये नीळकंठराव राहत. ते इंदूरचे, विधी विभागात होते, आणि कायद्याचं काहीही विचारलं की आधी डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी नव्या कायद्याची प्रत आणून दिली. गेल्याच वर्षी झालेला कायदा, कागदाला अजून छापखान्याचा वास. गोपीनाथरावांनी चष्मा पुसून कलमामागून कलम वाचलं आणि शेवटी मागचं पान उलटून पाहिलं, की तक्ता मागे जोडला असेल. तक्ता नव्हता. पोटगी किती हे कोर्टाने ठरवावं, ठरवताना दोन्ही पक्षांची परिस्थिती पाहावी, गरजा पाहाव्यात, आणि वाजवी ते द्यावं. बस. फौजदारी कायद्यात तर फक्त वरची मर्यादा होती, पाचशे रुपये, आणि खालच्या बाजूला मोकळं मैदान.

"वाजवी म्हणजे किती?" गोपीनाथरावांनी विचारलं.

नीळकंठराव डोळे मिटून म्हणाले की ते ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर. गोपीनाथरावांना हे उत्तर एका सरकारी माणसाला शोभणारं वाटलं नाही. खात्याच्या खेचराला रोज दाणा किती द्यायचा याचा दर ठरलेला आहे. रेकॉर्ड खोलीत उंदरांसाठी मांजर ठेवलं तर त्याच्या दुधाला मंजुरी लागते. आणि माणसाच्या पोराला दर नाही? त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी हे तीनदा बोलून दाखवलं, आणि शशिकलेने विचारलं की वसूला खेचरात धरायचं की मांजरात.

पण गोपीनाथराव हटणाऱ्यांतले नव्हते. कायद्यात नियम नाही म्हटल्यावर त्यांनी तो प्रवासभत्त्याच्या नियमांत शोधला. बदली झाली की सरकारी नोकराला कुटुंबाचं भाडं मिळतं, आणि तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे की तीन वर्षांखालचं मूल म्हणजे काही नाही, तीन ते बारा म्हणजे अर्धं, आणि बारानंतर पूर्ण माणूस. म्हणजे वसुधा अर्धी. घरात माणसं तीन आणि अर्धं माणूस एक, एकूण साडेतीन. घरखर्चाला साडेतीनने भागायचं आणि त्याचं अर्धं घ्यायचं. हा हिशेब त्यांनी कांचनला अत्यंत समाधानाने समजावून सांगितला. कांचनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, हिला चपलेचा एकच पाय घ्यायचा का?"

यावर गोपीनाथरावांनी तिला सांगितलं की नियमाला अपवाद असतात. चप्पल ही बाब पूर्ण धरता येईल. दप्तर पूर्ण. केस कापणं मात्र अर्धं, कारण न्हावी तसंही अर्धेच घेतो. असं करत करत वसुधा पाऊण झाली, मग पाऊणच्या थोडी वर गेली, आणि गणित पुन्हा मांडावं लागलं. त्यात नवे पैसे येऊन काही महिनेच झाले होते. किराणावाला आण्यांत सांगे आणि नव्या पैशांत घेई, आणि दर वेळी मधल्यामध्ये काहीतरी सांडायचं. ते सांडलेलं वसुधाच्या खात्यावर टाकायचं की घराच्या, यावर गोपीनाथरावांनी एक संपूर्ण संध्याकाळ घालवली.

दुसरी बाजू देणाऱ्याच्या ऐपतीची. विश्वासचा पगार किती, हे खुद्द विश्वासलाही सांगता येत नव्हतं. यात त्याचा दोष नव्हता. चार राज्यांची माणसं एका राज्यात आली होती आणि चौघांचे पगार, दर्जे, ज्येष्ठता एकमेकांत बसवण्याचं काम चालू होतं. तोपर्यंत सगळेच तात्पुरते. विश्वासला जे मिळत होतं ते तात्पुरतं होतं, त्यातलं काही पुढे परत करावं लागेल किंवा काही आणखी मिळेल, आणि ते कधी कळेल हेही तात्पुरतंच होतं. गोपीनाथराव स्वतः एकत्रीकरण शाखेत गेले. तिथल्या बाबूने विचारलं, आपका इनसे क्या संबंध. गोपीनाथराव म्हणाले, बहिणीचे यजमान. मग सचोटीने पुढे म्हणाले, सध्या वेगळे राहतात. बाबूने वर पाहिलं, आणि कामाचं विचारलं. मुलाच्या पोटगीचा हिशेब करायचा आहे, असं गोपीनाथरावांनी सांगितलं. बाबूने ते ऐकलं आणि बहुधा त्यातलं 'वेगळे राहतात' आणि 'पोटगी' तेवढंच लक्षात ठेवलं.

कारण त्यानंतर सचिवालयात लोक त्यांच्याशी फार चांगलं वागू लागले. कुणी पान पुढे केलं. कुणी खुर्ची दिली. भेटेल त्याला 'पोटगी कशी काढतात' हे विचारत हिंडणारा माणूस कोण असतो, हे लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं. शेवटी विभागाचे अधीक्षक दुबेजी यांनी त्यांना आत बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाले, "पाठराबेजी, घर-गृहस्थी में ऊँच-नीच हो जाती है. भाभीजी का स्वभाव तेज है क्या?" गोपीनाथराव खुलासा करायला लागले, आणि जसजसा खुलासा करत गेले तसतशी दुबेजींची नजर जास्त मायाळू होत गेली. निघताना त्यांनी गोपीनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आज लवकर घरी जा. इतक्या वर्षांत त्यांना कुणी लवकर घरी जा म्हटलेलं नव्हतं. ते अपमानाने लाल झाले, आणि लवकर घरी गेले.

घरी नीळकंठरावांच्या मनोरमाबाई शशिकलेजवळ अगदी खेटून बसल्या होत्या. इंदूरला माझ्या माहेरी मागची खोली रिकामी आहे, वहिनी, तुम्ही संकोच करू नका, असं काहीतरी त्या म्हणत होत्या. गोपीनाथरावांना पाहून त्या पदर सावरून उठल्या आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेल्या. शशिकलेने नवऱ्याला चहा दिला. स्वतःचाही घेतला. मग शांतपणे विचारलं, "अहो, हिशेब निघाला की मलाही सांगा. मी किती मागू?"

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. गोपीनाथरावांनी बैठक बोलावली. रविवारी जेवणानंतर पुढच्या खोलीत विश्वास, नीळकंठराव आणि इनायत मियाँ. हे इनायत मियाँ जुन्या भोपाळ संस्थानच्या नोकरीतले, गोपीनाथरावांच्याच दालनात बसायचे, आणि गावातल्या कुठल्याही गोष्टीचं मूळ त्यांना ठाऊक असायचं. गोपीनाथरावांनी कायदा, प्रवासभत्ता आणि वेतननिश्चिती अशा तीन बाजू मांडल्या. नीळकंठरावांनी डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत. इनायत मियाँ सुपारी कातरत होते. म्हणाले, "बाबूजी, हमारे वालिद के ज़माने में फ़सल पर ग़ल्ला भिजवा देते थे. बच्चा भी खाए, माँ भी खाए. रुपये-आने गिनोगे तो रिश्ता दुकान हो जाएगा."

गोपीनाथरावांनी यावर मान हलवली ती केवळ पाहुण्याचा मान म्हणून. विश्वासला मात्र पैशांऐवजी धान्य पाठवायचं हे मनापासून पटलं. पुढल्या आठवड्यात क्वार्टरसमोर एक टांगा थांबला आणि त्यातून सीहोरच्या शरबती गव्हाची दोन पोती उतरली. टांगेवाला म्हणाला, ओव्हरसिअर साहब ने बच्ची के लिए भेजा है. सरकारी क्वार्टर बांधताना ज्याने कुणी स्वयंपाकघर आखलं होतं त्याने पोत्यांचा विचार केलेला नव्हता. कोठीत एकही मावेना. शेवटी दोन्ही पोती पुढच्या खोलीत खुर्च्यांच्या जागी ठेवली आणि खुर्च्या व्हरांड्यात गेल्या. येणारे जाणारे पोत्यांवर बसू लागले. वसुधाला ते फार आवडलं. ती वरच्या पोत्यावर मांडी घालून पाढे म्हणायची.

आता हा गहू म्हणजे पोटगी समजायची का, आणि समजायची तर कोणत्या भावाने, हा नवा प्रश्न उभा राहिला. सीहोरच्या मंडीचा भाव वेगळा, इथल्या दुकानाचा वेगळा. शिवाय वजन टांगेवाल्याने सांगितलेलं होतं, आणि टांगेवाल्याचं वजन गोपीनाथराव कसं मानणार? त्यांनी एक पोतं हातगाडीवर घालून गिरणीत मोजायला नेलं. वाटेत पोत्याची शिवण उसवली. वजन कमी भरलं, आणि जेवढं कमी भरलं ते कुणाच्या खात्यावर टाकायचं हे त्यांना ठरवता येईना. परत येताना क्वार्टर्समधल्या सगळ्या कोंबड्या त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आल्या.

मग त्यांनी शेवटचा मार्ग धरला. नियम नसेल तर प्रत्यक्ष खर्च. खात्यातही असंच करतात, दर ठरलेला नसला की काही दिवस प्रत्यक्ष काय लागतं ते पाहतात आणि त्याची सरासरी काढतात. वसुधाची जुनी पाटी माळ्यावर होती. ती त्यांनी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली, वर ठळक अक्षरात 'वसुधा' लिहिलं, आणि खाली पोळी, भात, दूध, तूप, फळ असे रकाने आखले. जे खाईल त्याची रेघ. शशिकला म्हणाली, मी पोळ्या लाटू की रेघा ओढू, मला दोन्ही जमणार नाही. तेव्हा गोपीनाथराव स्वतः खडू घेऊन बसू लागले. पोरीच्या ताटात पोळी पडली की ते वळून एक रेघ ओढायचे आणि मग आपल्या ताटाकडे पाहायचे.

आणि काय सांगावं, हा मार्ग बघता बघता फळाला येऊ लागला. पहिल्या आठवड्यात रेघा भरपूर पडल्या. दुसऱ्या आठवड्यात जरा कमी. तिसऱ्यात दुधाचा रकाना जवळजवळ रिकामा राहिला, तुपाचा तर अगदीच, आणि पोळ्या निम्म्यावर आल्या. गोपीनाथराव हरखले. आरंभी खर्च जास्त दिसतो, मग तो स्थिरावतो, हा खात्याचा नेहमीचा अनुभव आहे असं त्यांनी कांचनला सांगितलं. शशिकला म्हणाली की पोरगी नीट जेवत नाही. कांचन म्हणाली की थंडीने असेल. सकाळी ती वसुधाला कपाळाला हात लावून बघायची, ताप नसायचा. शाळेतून येताना भूक लागली का विचारलं तर वसुधा आधी पाटीकडे बघायची आणि मग नाही म्हणायची. हे पाटीकडे बघणं कुणाच्या लक्षात आलं नाही. आपली पाटी ती, म्हणून बघत असेल असं वाटलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी विश्वास आला. शशिकलेने गुळाच्या पोळ्या केल्या होत्या, वसुधाला आवडतात म्हणून, खसखस जास्त घालून. विश्वास, गोपीनाथराव आणि वसुधा एका पंगतीत बसली, शशिकला चुलीपाशी होती. गोपीनाथरावांनी खडू कानावर ठेवला होता. वसुधाने एक पोळी खाल्ली, बोटं चाटली, ताटातलं तूप बोटाने पुसून घेतलं. कांचन दुसरी वाढायला आली तेव्हा तिने ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

विश्वास म्हणाला, "का गं वसू? तुला तर चार लागतात."

वसुधा मामाकडे बघत होती, मामाच्या कानावरच्या खडूकडे. मग अगदी हळू म्हणाली, "मामा, किती रेघा झाल्या की बाहेर काढतात?"

गोपीनाथरावांना प्रश्न कळला नाही. कुठून बाहेर, असं त्यांनी विचारलं.

"घरातून. शाळेत बहनजी बोर्डवर नाव लिहितात, जो दंगा करेल त्याचं. परत केला की रेघ. जास्त रेघा झाल्या की क्लासच्या बाहेर. मी आता कमी करते आहे." मग तिने बापाकडे वळून, त्याची चूक काढावी म्हणून नाही, नुसतं माहीत असावं म्हणून विचारलं, "बाबा, तुमच्या किती झाल्या होत्या?"

शशिकलेच्या तव्यावरची पोळी तशीच राहिली आणि जळाली. विश्वासने ताटात पाहिलं. कांचनने भिंतीकडे तोंड केलं. गोपीनाथरावांना त्या वेळी इतकी लाज वाटली की दुबेजींच्या खोलीत वाटलेली लाज म्हणजे त्यापुढे काहीच नव्हती. भूक लागलेली पोर गेले कित्येक दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर उपाशी उठत होती, आणि ते सरासरी खाली आली म्हणून खूश होत होते. तिला काहीतरी सांगायला हवं होतं. पण आयुष्यभर त्यांनी जे बोलायचं ते समासात लिहिलेलं, त्यामुळे तोंडून काही येईना.

बोलला विश्वास. त्याने वसुधाला जवळ ओढून घेतलं आणि म्हणाला, "माझं नाव कुणी लिहिलं नव्हतं, वसू. मी आणि आईने मिळून ठरवलं. तुझं नाव तर कधीच कुणी लिहिणार नाही. तू शंभर पोळ्या खा."

"शंभर नाही जात," वसुधा म्हणाली.

"मग जातील तेवढ्या."

हे बोलताना त्याने एकदाच कांचनकडे पाहिलं, आणि कांचनने मान डोलावली. एवढंच. त्या मान डोलावण्यातून पुढे काही झालं असं कुणी समजू नये. ती दोघं वेगळीच राहिली. पण त्या दिवसापासून ती एकमेकांशी वसुधाच्या खोकल्याखेरीज इतर गोष्टींवरही बोलू लागली, हे मात्र खरं.

गोपीनाथराव पानावरून उठले, उष्ट्या हाताने. त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागले. गुळाचा हात लागून ती पाटी आणखीच माखली. शशिकलेने ओलं फडकं दिलं. पाटी स्वच्छ झाल्यावर ती त्यांनी वसुधाच्या पाटाशेजारी ठेवली. आणि पुन्हा बसताना, घसा खाकरून, कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "चाळीस, विश्वासराव."

विश्वासच्या डोळ्यांत तेव्हा पाणी होतं, तरी त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "आधार काय, गोपीनाथराव?"

"कांचन म्हणाली," गोपीनाथराव म्हणाले.

असला आधार त्यांनी आजवर कुणाच्या फायलीवर मान्य केला नव्हता. पण विचार करून पाहिलं तर त्यांना दुसरा सापडतही नव्हता. जी पोरीला रोज न्हाऊ घालते, तिचा फ्रॉक उसवून लांब करते, खोकला आला की रात्री उठून बसते, तिला चाळीस वाटले. ज्याला द्यायचे त्याला ते जड वाटले नाहीत. वाजवी म्हणजे किती, हे नीळकंठरावांना डोळे मिटूनही सांगता आलं नव्हतं ते बहुधा एवढंच असावं. विश्वासने त्याच दिवशी चाळीस रुपये कांचनच्या हातात दिले. गहू वेगळा, तो वसूचा खाऊ, असं त्याने सांगून टाकलं, आणि इनायत मियाँचा मान राहिला. ग्वाल्हेरच्या वकील बंधूंना कुणी काही कळवलं नाही.

जेवण पुन्हा सुरू झालं. वसुधाने दुसरी पोळी घेतली, मग तिसरी. तिच्या तोंडाभोवती तूप आणि गूळ झाला होता. गोपीनाथराव मोजत नव्हते. म्हणजे मोजत होते, त्यांना ते थांबवता येण्यासारखं नव्हतं, पण खडू त्यांनी कानावरून काढून तिच्याकडे देऊन टाकला होता. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरलं की त्यांना बोलायला सुचायचं. ते घास तोंडात असतानाच विश्वासला एकत्रीकरण शाखेतली गंमत सांगू लागले, आणि बाबूने कसा गैरसमज करून घेतला, दुबेजी काय म्हणाले, हे हातवारे करून सांगत राहिले. आपली बेअब्रू इतकी हसण्यासारखी आहे हे त्यांना स्वतःलाही त्या दिवशीच कळलं. शशिकला तोंडाला पदर लावून हसत होती.

थोड्या वेळाने त्यांचं लक्ष गेलं तेव्हा वसुधा चौथी पोळी डाव्या मांडीवर ठेवून पाटीवर काहीतरी लिहीत होती. तिने वर ठळक अक्षरात 'मामा' लिहिलं होतं आणि त्याखाली एक रेघ ओढली होती.

"हे कशाबद्दल?" गोपीनाथरावांनी विचारलं.

"जेवताना बोललात," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिने चिकट हात त्यांच्या हातावर ठेवला. "पण बाहेर नाही काढायचं कुणाला. नुसती रेघ."

गोपीनाथरावांनी ती रेघ बिनतक्रार मान्य केली आणि गप्प बसून जेवले.